न्यायमूर्ती रानडे : दिवसा सरकारी न्यायाधीश, उरलेल्या वेळात मराठ्यांचे इतिहासकार आणि कारखान्यांचे वकील

चाकण म्हटलं की दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक म्हणजे संग्रामदुर्ग. १६६० साली शाहिस्तेखानाची प्रचंड फौज या छोट्याशा भुईकोटावर चालून आली आणि किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर लोकांनिशी तिला जवळजवळ दोन महिने झुलवलं. दुसरी गोष्ट म्हणजे एमआयडीसी. फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो कारखाने. तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाला पहिली गोष्ट आठवत नाही, आणि किल्ला बघायला आलेल्या माणसाला दुसरीचा वैताग येतो.

इतिहास आणि कारखाना या दोन गोष्टींचा एकमेकांशी काय संबंध, असं आपल्याला वाटतं. पण सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात एक माणूस होता, ज्याच्या टेबलावर या दोन्ही फायली शेजारी शेजारी असायच्या. एका फाइलीत मराठ्यांच्या बखरी आणि पेशवे दफ्तरातले कागद. दुसऱ्या फाइलीत सूत, लोखंड, कागद, साखर यांच्या आयात-निर्यातीचे आकडे. हा माणूस सरकारी नोकर होता, तरी पुण्याचं निम्मं राजकारण त्याच्या घरातून चालायचं.

त्यांचं नाव महादेव गोविंद रानडे.

शाळेच्या पुस्तकात ते समाजसुधारक म्हणून भेटतात आणि दोन ओळींत संपतात. त्या दोन ओळींत न मावणारं बरंच काही आहे.

माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. वडील गोविंदराव सरकारी नोकरीत होते, पुढे ते कोल्हापूर दरबारात गेले. त्यामुळं माधवरावांचं लहानपण कोल्हापुरात गेलं. अंगानं आडदांड, बोलायला संथ. हा मुलगा पुढं काही करून दाखवेल असं कुणाला वाटत नव्हतं, असं त्यांच्या चरित्रांत सांगतात. १८५६ साली शिक्षणासाठी ते मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये आले. पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. ते फक्त चारजण होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक आणि रानडे.

वाचन इतकं केलं की डोळे गेले. म्हणजे अगदी आंधळे झाले नाहीत, पण दृष्टी कायमची अधू झाली. पुढं आयुष्यभर पुष्कळसं वाचन दुसऱ्याकडून करवून घ्यावं लागलं.

कॉलेजमधला एक किस्सा त्यांच्या चरित्रकारांनी आवर्जून नोंदवलाय. रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि पारडं मराठ्यांच्या बाजूला झुकवलं. प्रिन्सिपल सर अलेक्झांडर ग्रँट हे काही वाईट गृहस्थ नव्हते, रानड्यांवर त्यांचा जीव होता. पण हा निबंध त्यांना झोंबला. त्यांनी रानड्यांना बोलावून कानउघाडणी केली आणि सहा महिने स्कॉलरशिप बंद केली.

विद्यार्थ्यानं वाद घातला नाही. पण तो निबंध डोक्यातून गेला नाही. तो पूर्ण व्हायला चाळीस वर्षं लागणार होती.

एम.ए. झालं, एलएल.बी. झालं. इंदुप्रकाशच्या इंग्रजी बाजूचं संपादन, सरकारी भाषांतरकाराची नोकरी, अक्कलकोट आणि कोल्हापूर संस्थानात थोडा काळ काम, एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापकी असं सगळं करून १८७१ साली ते पुण्यात सबॉर्डिनेट जज्ज म्हणून आले.

आणि इथून खरी गंमत सुरू होते.

त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, तिचे प्राण होते. सभेची सुरुवात पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दलच्या तक्रारीतून झाली. रानडे आल्यावर मात्र सभेचा नूरच बदलला. सरकारी नोकराला राजकीय संस्थेचं पद घेता येत नाही. मग रानड्यांनी पद घेतलं नाही, काम घेतलं. सभेचे अर्ज, तिची निवेदनं, पुढं १८७८ पासून निघालेलं तिचं इंग्रजी त्रैमासिक, यातला मोठा भाग त्यांच्या हातचा असायचा आणि त्याखाली त्यांचं नाव नसायचं. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानचे प्रतिनिधी असावेत असा अर्ज सभेनं १८७५ च्या सुमारास विलायतेला धाडला, काँग्रेस जन्माला यायच्या दहा वर्षं आधी.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ पडला तेव्हा सभेनं खेडोपाडी माणसं पाठवून माहिती गोळा केली आणि सरकारपुढं मांडली. आता हे साधं वाटतं. तेव्हा सरकारी आकड्यांना सरकारबाहेरच्या माणसांनी आकड्यांनीच उत्तर द्यायचं, ही नवी गोष्ट होती.

साहजिकच सरकारला संशय आला. १८७८ साली रानड्यांची बदली नाशिकला झाली. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड पेटलं, मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा जळाला, आणि या सगळ्यामागं पुण्यातला कुणीतरी शिकलेला माणूस असणार असं इंग्रज अधिकाऱ्यांच्या डोक्यानं घेतलं. ऐन उन्हाळ्यात रानड्यांना तातडीनं धुळ्याला हलवलं. त्यांची टपालातली पत्रं फोडून वाचली जायला लागली. बंडवाल्यांच्या नावानं बनावट पत्रं त्यांना येत आणि ते ती उघडून जशीच्या तशी पोलिसांकडं पाठवत. काही महिन्यांनी संशय फिटला. पण हायकोर्टाच्या खुर्चीपर्यंत पोचायला त्यांना जो उशीर लागला, त्यात या संशयाचा वाटा नव्हता असं म्हणणं अवघड आहे.

आता थोडं घरात डोकावू, कारण रानड्यांवरचा सगळ्यात मोठा आरोप घरातलाच आहे.

रानडे विधवाविवाहाच्या चळवळीत पहिल्यापासून होते. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी सखूबाई वारल्या. रानडे एकतीस वर्षांचे. आता हा गृहस्थ एखाद्या विधवेशी लग्न करून दाखवणार, अशी सुधारकांची अपेक्षा. तीच भीती वडिलांना. गोविंदरावांनी महिन्याभरातच मुलगी शोधली. साताऱ्याकडच्या देवराष्ट्रे गावातल्या कुर्लेकरांची यमुना, वय अकरा. रानड्यांनी विरोध केला, विनवण्या केल्या, आणि शेवटी वडिलांपुढं मान तुकवली.

पुण्यात हसं झालं. विरोधक हसले ते हसलेच, मित्रांनीही माफ केलं नाही. हायकोर्टाच्या न्यायाधीशपदापर्यंत जाणारा माणूस वडिलांपुढं उभा राहू शकला नाही, हे खरंच आहे आणि त्याला कसलीही सबब पुरत नाही. त्यांनी नंतर कधी मोठी सबब सांगितलीही नाही.

पण त्या अकरा वर्षांच्या मुलीचं पुढं काय झालं, हेही बघायला हवं. लग्नाच्या घरात बायका सासुरवाशिणीच्या हातात पुस्तक बघून जळत होत्या आणि रानडे रोज रात्री तिला अक्षरं गिरवायला लावत होते. मराठी झालं, मग इंग्रजी सुरू झालं. घरातल्या मोठ्या बायकांचे टोमणे, अबोला, सगळं तिनं सोसलं. हीच मुलगी पुढं रमाबाई रानडे. पुण्यात सेवासदन उभं करणाऱ्या, स्त्रियांच्या शिक्षणासाठी आणि मताधिकारासाठी झगडणाऱ्या. १९१० साली त्यांनी नवऱ्याच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत ते गणलं जातं. रानड्यांचा भित्रेपणा आणि मोठेपणा, दोन्ही आज आपल्याला कळतात ते बरेचसे त्याच पुस्तकामुळं.

१८७५ साली दयानंद सरस्वती पुण्यात आले. त्यांची व्याख्यानं ठेवण्यात रानडे पुढं होते. निरोपाच्या वेळी मिरवणूक निघाली, तेव्हा सनातन्यांनी गाढवाला सजवून त्याची उलटी मिरवणूक काढली. पाऊस पडून गेला होता, चिखल तयार होता, तो भिरकावला गेला. महात्मा फुले आपल्या माणसांसह मदतीला होते. रानडे अंगावर चिखल घेऊन घरी आले. फिर्याद करायची त्यांना गरज वाटली नाही.

याच फुल्यांनी पुढं दहा वर्षांनी रानड्यांना खणखणीत नकारही दिला. रानड्यांनी मराठी ग्रंथकारांची सभा भरवायची ठरवली आणि फुल्यांना बोलावणं धाडलं. ज्यांच्या पुस्तकांत शूद्रातिशूद्रांच्या हालांना जागा नाही, त्यांच्या सभेत आपण येऊन काय करायचं, अशा अर्थाचं उत्तर आलं. रानड्यांच्या सगळ्या संस्थांचं दुखणं या उत्तरात आहे. सभा सार्वजनिक होती, पण तिच्यात बसणारे बहुतेक एका थरातले होते.

शेतकऱ्यांशी मात्र रानड्यांची गाठ नोकरीनंच घालून दिली. १८७५ साली सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि तो पुणे, नगर जिल्ह्यांत पसरला. कर्जरोखे हिसकावून जाळले गेले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांत सावकारी दाव्यांचा निकाल देताना कोर्टानं फक्त कागदावरची सही बघायची नाही, तर मूळ कर्ज किती, व्याज किती चढवलं, हे खोदून काढायचं, असं या कायद्यानं सांगितलं. या कायद्याखालच्या कोर्टांची तपासणी करायचं काम रानड्यांकडं आलं. पुढं ते या कायद्याचे स्पेशल जज्ज झाले. वर्षातले कित्येक महिने तंबू, बैलगाड्या, दफ्तर घेऊन तालुक्यातालुक्यांतून फिरती.

आज ज्याला आपण औद्योगिक पट्टा म्हणतो, तो हवेली, मावळ आणि खेड तालुक्यांचा मुलूख याच पुणे जिल्ह्यातला, याच कायद्याखालचा. तेव्हा पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी ही गावं होती आणि चाकण हा बाजार होता. चिंचवडची ओळख मोरया गोसावींची समाधी आणि देवस्थान. रेल्वे खंडाळ्याच्या घाटाखालून मुंबईला जोडली गेली होती, पण तिच्यातून माल जायचा तो कच्चा, आणि यायचा तो पक्का.

हा प्रवास रानड्यांच्या डोक्यात पक्का बसला. कापूस जातो, कापड येतं. गळिताचं धान्य जातं, तेल येतं. कातडी जाते, चामड्याच्या वस्तू येतात. विणकर, लोहार, तांबट यांचे धंदे बसतात आणि ते सगळे जमिनीवर येऊन पडतात. जमीन तेवढीच, खाणारे जास्त, मग सावकार. म्हणजे सुप्याला जो दंगा झाला त्याचं मूळ सावकाराच्या वहीत जेवढं, तेवढंच बंद पडलेल्या मागात होतं. शेतकरी वाचवायचा तर शेतीबाहेर काम निर्माण करावं लागेल. रानडे हे १८८० आणि ९० च्या दशकात मांडत होते, तेव्हा बाकीचं जग शेतकऱ्याच्या उधळेपणावर प्रवचनं देत होतं.

१८९० साली त्यांच्या पुढाकारानं पुण्यात औद्योगिक परिषद भरली. तिच्यात रानड्यांनी एक निबंध वाचला आणि तो, कुणाला स्वप्नातही वाटणार नाही, डच लोकांबद्दल होता.

जावा बेट तेव्हा हॉलंडच्या ताब्यात. १८३० साली तिथला गव्हर्नर जनरल योहानेस व्हान डेन बॉश यानं एक पद्धत सुरू केली. गावानं आपल्या जमिनीचा पाचवा हिस्सा ऊस, कॉफी, नीळ अशा निर्यातीच्या पिकांना द्यायचा. सरकार कारखानदारांना आगाऊ पैसे देणार, ते मालावर प्रक्रिया करणार, सरकार तो माल विकणार. रानड्यांना यातला एकच धागा हवा होता. जे सरकार स्वस्त व्याजानं पैसा उभा करू शकतं, ते तो पैसा कारखाना काढणाऱ्याला कर्जाऊ का देत नाही? इंग्रज सरकार रेल्वेसाठी व्याजाची हमी देतं, मग साखर, लोखंड, कापड यांच्यासाठी हात आखडता का?

इथं रानड्यांवर टीका करायला जागा आहे. जाव्यातल्या त्या पद्धतीनं डच खजिना भरला, पण जावातल्या शेतकऱ्याला ती वेठबिगारीच ठरली. त्याचे हाल १८६० सालीच एका डच कादंबरीनं, माक्स हावेलारनं, जगापुढं आणले होते. सक्ती रानड्यांना नकोच होती, पण पद्धतीच्या फायद्यांबद्दल ते ज्या उत्साहानं बोलले, त्या मानानं जाव्यातल्या माणसाकडं त्यांचं लक्ष कमी गेलं. दख्खनच्या शेतकऱ्याची वही पानापानानं तपासणाऱ्या माणसाकडून हे व्हावं, याचं नवल वाटतं.

त्याच परिषदेत त्यांनी आणखी एक न रुचणारी गोष्ट मांडली. हिंदुस्थानातून विलायतेला जाणाऱ्या पैशाचा हिशेब दादाभाई नवरोजी मांडत होते आणि तो बरोबरच होता. पण रानड्यांचं म्हणणं असं, की या एका वादातच अडकून पडलो तर आपल्या हातात जे आहे तेही होणार नाही. भांडवल गोळा करा, बँका काढा, जॉइंट स्टॉक कंपन्या काढा, तंत्र शिका. ते नुसतं बोलले नाहीत. पुण्यात कापड-रेशमाची गिरणी, कागदाची गिरणी, धातूकाम असे जे उद्योग त्या काळात निघाले, त्यांना त्यांचा हातभार होता.

१८९२ साली डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात त्यांनी इंग्रजी अर्थशास्त्रालाच हात घातला. खुला व्यापार, सरकारनं मध्ये पडायचं नाही, हे नियम इंग्लंडला सोयीचे झाले म्हणून सगळ्या जगाला लागू होत नाहीत. जर्मनीतला फ्रीडरिश लिस्ट हेच सांगत होता आणि जर्मनी, अमेरिका स्वतःच्या उद्योगांना जकातीचं कुंपण घालत होत्या. अर्थशास्त्रालाही देश आणि काळ असतो, हा मुद्दा इतक्या स्पष्टपणे हिंदुस्थानात आधी कुणी मांडला नव्हता. त्यांना भारतीय अर्थशास्त्राचे जनक म्हणतात ते यासाठी.

हे सगळं चालू असताना पुण्यात चहावरून महाभारत पेटलं होतं. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. चहा-बिस्किटं पुढं आली. काहींनी घेतली, काहींनी फक्त हात लावला. हजर असलेल्यांत रानडे, टिळक, गोखले सगळेच होते. गोपाळराव जोशी या वल्ली माणसानं नावांची यादीच छापून टाकली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं दाखवलं. रानडे आधी बधले नाहीत. पण बहिष्कारामुळं मित्रांच्या घरची लग्नकार्यं अडायला लागली, तेव्हा १८९२ मध्ये त्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. पुन्हा तेच. १८७३ साली वडिलांसाठी, आता मित्रांसाठी. सुधारक म्हणाले, माघार घेतली. रमाबाईंनाही ते मनापासून पटलं नव्हतं, आणि तसं त्यांनी लिहून ठेवलंय.

१८९३ साली काशिनाथ त्र्यंबक तेलंगांच्या निधनानं हायकोर्टातली जागा रिकामी झाली आणि तिथं रानड्यांची नेमणूक झाली. पुण्याहून मुंबईला बिऱ्हाड हललं. पुण्यावरची पकड सुटायला लागली. १८९५ साली काँग्रेसचं अधिवेशन पुण्यात भरलं. रानड्यांची सामाजिक परिषद १८८७ पासून काँग्रेसच्याच मंडपात भरत असे. यंदा टिळकांच्या बाजूनं जोरदार विरोध झाला, मंडप जाळण्यापर्यंत भाषा गेली. रानड्यांनी हट्ट धरला नाही, परिषद फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात नेली. सार्वजनिक सभाही त्याच सुमारास टिळक गटाच्या हातात गेली. ज्या संस्थेत बिननावानं पंचवीस वर्षं राबले, तिच्यातून बाहेर पडून त्यांनी १८९६ साली डेक्कन सभा काढली. शेजारी होते गोपाळ कृष्ण गोखले, जे रानड्यांना उघडपणे गुरू मानत.

लगेच १८९७ चा प्लेग आला आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. गोळी झाडणारे चाफेकर बंधू चिंचवडचे. इंग्रजांइतकाच त्यांचा राग सुधारकांवर होता. अर्ज, आकडे, परिषदा या रानड्यांच्या रस्त्यावर ज्यांचा काडीचा विश्वास नव्हता, अशी एक पिढी पुण्याच्या दारातच उभी राहिली होती.

आणि याच दिवसांत, सगळीकडून बाजूला पडत चाललेला हा माणूस आपल्या कॉलेजच्या निबंधाकडं परत वळला.

मराठ्यांच्या इतिहासावर तोवर एकच मोठं पुस्तक होतं. साताऱ्याचा रेसिडेंट राहिलेला कॅप्टन ग्रँट डफ यानं १८२६ साली लिहिलेलं, तीन खंडांचं. पुस्तक कष्टानं लिहिलेलं आहे, आजही कामाला येतं. पण सह्याद्रीतल्या वाळक्या गवताला अचानक वणवा लागावा तसे मराठे उठले, अशी त्याची मांडणी होती. वणवा म्हणजे कारण नाही, योजना नाही, आग विझली की राख. १८६८ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणानं डफवर पहिली टीका लिहून वाट मोकळी केली होती. पूर्ण उत्तर बाकी होतं. ते रानडे आणि तेलंग मिळून लिहिणार होते. तेलंग गेले. रानड्यांनी एकट्यानं लिहिलं आणि तेलंगांचा बखरींवरचा निबंध आपल्या पुस्तकाच्या शेवटी जोडला.

१९०० साली मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचं हे इंग्रजी पुस्तक आलं. वणव्याच्या जागी रानड्यांनी झाड आणलं. जमीन कशी तयार झाली, बी कसं पडलं, ते कसं रुजलं, झाड कसं मोहरलं, फळ कसं आलं. प्रकरणांची नावंच अशी. जमीन तयार करणारे कोण? तर ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम, चोखामेळा आणि त्यांच्याबरोबर पंढरीची वाट चालणारे हजारो. लोकांच्या भाषेत धर्म आला, जातींची धार थोडी बोथट झाली, आपण सगळे एक आहोत ही भावना तयार झाली. त्या जमिनीत शिवाजी महाराजांच्या प्रतिभेनं राज्य उभं केलं. युरोपातल्या सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेशी त्यांनी या संतपरंपरेची तुलना केली.

महाराजांच्या लढायांपेक्षा त्यांच्या कारभारावर रानडे जास्त रेंगाळतात. अष्टप्रधान, रोख पगार, वतनं वंशपरंपरेनं न देण्याचं धोरण, किल्ल्यांवर वेगवेगळ्या जातींचे अधिकारी एकत्र नेमण्याची शिस्त. पुढं पेशवाईत ही शिस्त सुटली, पदं घराण्यांची झाली, जातीचा अभिमान वाढला आणि राज्य आतून पोकळ झालं, असा निष्कर्ष त्यांनी पेशव्यांच्या रोजनिश्यांच्या प्रस्तावनेत मांडला. पुण्यातल्या ब्राह्मण न्यायाधीशानं १९०० साली हे लिहिणं सोपं नव्हतं. मराठ्यांच्या टांकसाळी आणि नाण्यांवरही त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला. बखरीत लढाई शोधणारे पुष्कळ, रानड्यांना नाण्याचा भाव, जकात, व्यापार यांत रस.

इथं त्या दोन फायली एकत्र येतात. डफच्या वणव्यात जी चूक त्यांना दिसली, तीच सरकारी अर्थशास्त्रात दिसली. मराठे योगायोगानं उठले आणि आता ते शेतकरीच राहायला जन्मलेत, या दोन्ही म्हणण्यांमागं एकच समज होती, की या लोकांत स्वतः काही उभं करायची ताकद नाही. रानड्यांनी एकीकडं ती ताकद पूर्वी होती याचा पुरावा दिला, आणि दुसरीकडं ती पुन्हा कशी जमवायची याचं अंदाजपत्रक.

त्यांचं सगळंच टिकलं असं नाही. वि. का. राजवाड्यांनी संतांवरच्या त्यांच्या सिद्धान्तावर सडकून हल्ला चढवला. संतांनी लोकांना लढायला शिकवलं नाही, टाळ कुटायला शिकवलं, असा त्यांचा सूर. रानड्यांचं पुस्तक तयार झालं तेव्हा मूळ कागदपत्रांचा मोठा भाग अजून दिवाणखान्यांत आणि माळ्यांवर पडून होता, त्यामुळं तपशिलात चुका निघणारच होत्या. पण इतिहास म्हणजे फक्त राजाचं चरित्र नव्हे, त्यात समाज येतो, पैसा येतो, भाषा येते, हा धडा मराठीत त्यांनी घालून दिला. तो राजवाड्यांनाही मोडता आला नाही.

पुस्तक पहिला भाग म्हणून निघालं होतं. दुसरा लिहायचा राहिला. छातीचं दुखणं बळावलं होतं. डिसेंबर १९०० मध्ये लाहोरला सामाजिक परिषद होती, तिला जाता आलं नाही. १६ जानेवारी १९०१ च्या रात्री मुंबईत राहत्या घरी रानडे गेले. एकोणसाठ पूर्ण व्हायला दोन दिवस होते. आयुष्यभर विरोधात उभ्या राहिलेल्या टिळकांनी केसरीत त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला, आणि थंड गोळा होऊन पडलेल्या महाराष्ट्राला त्यांनी जागं केलं हे मोकळेपणानं मान्य केलं. १९४३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुण्यात रानड्यांच्या जयंतीला व्याख्यान दिलं, तेव्हा गांधी आणि जिनांच्या तुलनेत त्यांनी रानड्यांना वरचं माप दिलं.

सरकारी पैशातून कारखाना, ही १८९० सालची मागणी पूर्ण व्हायला देश स्वतंत्र व्हावा लागला. १९५४ साली पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, पेनिसिलिन बनवायला. १९६० च्या दशकात एमआयडीसी आली, पाठोपाठ टेल्को आणि बजाज आले, आणि शेवटी पट्टा चाकणपर्यंत सरकला. अर्थात ज्यांची जमीन या पट्ट्यात गेली त्या शेतकऱ्यांचं पुढं काय झालं, हा प्रश्न रानड्यांच्या फाइलीत नव्हता.

रानड्यांच्या मागं गोखल्यांनी त्यांच्या नावानं पुण्यात एक संस्था काढली. नाव रानडे इंडस्ट्रियल अँड इकॉनॉमिक इन्स्टिट्यूट. हेतू असा, की देशी उद्योगांसाठी संशोधन व्हावं, प्रयोगशाळा असावी, कारखाना काढणाऱ्याला तिथं मदत मिळावी. फर्ग्युसन रस्त्यावरचं ते आवार आजही आहे. त्या आवारात आज पुणे विद्यापीठाचा पत्रकारितेचा विभाग आहे आणि परदेशी भाषांचे वर्ग भरतात. सगळं पुणे त्याला नुसतं रानडे म्हणतं.